नारळाची शेंडी आणि काळं बॉनेट

गाडीवर ओरखडे कसे पडतात, हे मी दिवसभर लोकांना समजावत असतो. तो माझा धंदाच आहे. पण एका गाडीवरचा एक डाग कसा पडला, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याशी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलतो त्या मित्रांना नाही, आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून जमेल असं वाटतंय — बघू.

जालन्यात भोकरदन रस्त्याला माझं दुकान आहे. पाटीवर ‘कार स्टुडिओ’ असं लिहिलंय. प्रत्यक्षात ती पत्र्याची शेड आहे, पण ‘कार शेड’ लिहिलं असतं तर कोण आलं असतं? त्याआधी मी बरीच वर्षं एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवला. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळत नाही. पुढे कंटाळलो, पुण्याला जाऊन गाड्यांचं पॉलिश शिकून आलो.

विषय फारसा बदलला नाही, असं मी तेव्हा म्हणायचो. वर्गात दरबार, मिरवणुका, नजराणे. दुकानात तेच, फक्त चार चाकांवर. नवी गाडी घेताना शोरूममध्ये काय चालतं, पाहिलंय ना तुम्ही? गाडीवर लाल मखमल. ती सगळ्या घरानं मिळून ओढायची. पुठ्ठ्याची हातभर किल्ली, केक, फुग्यांची कमान, आणि हे सगळं टिपणारा मोबाईल. बँकेच्या हप्त्यांवर बसलेला माणूस त्या घटकेपुरता गादीवर बसतो. मी कोपऱ्यात उभा राहून हसायचो. दुसऱ्याच्या थाटामाटाकडे तिरकं बघायची मला जुनी सवय होती, आणि त्या सवयीचा — खरं सांगतो — मला फार अभिमान होता.

मी गोल गोल फिरतोय, हे माझ्या लक्षात येतंय.

माझे मामा घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीला राहतात. आईचे थोरले भाऊ. त्यांचा मुलगा विलास. गावात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. त्यानं गाडी घेतली, काळी. तीर्थपुरीसारख्या गावात काळी गाडी घेणं म्हणजे पांढरं धोतर नेसून नांगर धरणं. कापसाच्या गाड्या, उसाचे ट्रॅक्टर, वर्षभर हवेत धूळ. मी तसं म्हणालोही. मामा म्हणाले, “राहू द्या हो भाचे. कशी म्हशीवानी चमकून राह्यली बघा.” त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही.

पूजेच्या दिवशी मी तिथं होतो. मामांनी कुंकू तेलात कालवलं आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध स्वस्तिक काढलं. रेषा सरळ यावी म्हणून श्वास रोखून धरला होता त्यांनी. नारळ फोडला. सगळ्यांना खोबरं वाटलं, पहिला तुकडा गाडीच्या चाकाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते तेलकट कुंकू वाळून बसलं, ओल्या फडक्यानं निघेना. मग मामांनी त्याच नारळाची शेंडी घेतली, पाण्यात बुडवली आणि हलक्या हातानं घासून काढलं. त्यांच्या घरात आजही पितळी भांडी तशीच लख्ख करतात. भांड्याला जे चालतं ते गाडीला का चालू नये? मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, आणि मला ते — पण तिकडे येतोच.

त्या दिवसापासून गाडी पुसणं हे मामांचं काम झालं. कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वी गोठ्यात बैल होते. आता ट्रॅक्टर भाड्यानं येतो आणि गोठ्यात खताची पोती. सकाळी उठून ज्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं काही उरलं नव्हतं. मामींच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घ्यायचा, दाराशी उभ्या गाडीला एक फेरी मारायची, मग चहा. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारून थांबवायचं. “विलासची हाय,” असं म्हणायचं, जणू कुणाला माहीत नाही.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल; तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. काळी गाडी उन्हात बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात. लोकांना वाटतं शेजाऱ्यानं जळून केलं. शेजाऱ्याला एवढा वेळ नसतो. ते आपणच करतो, रोज सकाळी, मायेनं. धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की फडकं मऊ असून उपयोग नसतो. घासते ती धूळ. हे ओरखडे रंगावर नसतात. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्यात असतात. मशीनवर स्पंजाचं गोल पॅड लावायचं, त्यावर पॉलिश, आणि तो थर केसाएवढाही नाही इतका झिजवून सपाट करायचा. म्हणजे आम्ही ओरखडा काढत नाही. त्याच्या आजूबाजूचं कमी करतो. कडांवर आणि पत्र्याच्या उंच घड्यांवर हा थर अगदी पातळ असतो. तिथं चिकटपट्टी लावून ठेवायची असते. मशीन एका जागी रेंगाळू द्यायचं नसतं. शिकायला गेलो तेव्हा पहिल्या सकाळी हेच शिकवलं होतं.

वर्षभरानं विलासनं ती गाडी माझ्याकडे आणून सोडली. “जाळं काढून टाक सगळं, बराबर आरशासारखी पाह्यजे,” म्हणाला. मामांना दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे आणायचं होतं. तेव्हा येऊन घेऊन जाणार होता.

दुकान नवं होतं. लोक यावेत म्हणून मी व्हिडिओ टाकायला लागलो होतो. होय, मीच. केक आणि पुठ्ठ्याच्या किल्लीवर हसणारा. त्या व्हिडिओंचा एक ठरलेला थाट असतो: अर्ध्या बॉनेटवर जाळं तसंच ठेवायचं, अर्धं आरशासारखं करायचं, आणि मधल्या रेषेवर कॅमेरा नेऊन थांबवायचा. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मोबाईल स्टँडवर लावला. मधल्या उंच घडीवर मी चिकटपट्टी लावली होती — लावली होती, विसरलो नव्हतो. पण कॅमेऱ्यात ती पिवळी पट्टी फार घाण दिसत होती. मी ती काढली.

आणि मशीन चालवत कॅमेऱ्याशी बोलायला लागलो. काय बोलत होतो सांगू? “घाई करायची नाही. या कामाला संयम लागतो.” हे म्हणताना मी पॅडकडे बघत नव्हतो, मोबाईलमधल्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होतो. जळका वास आला तेव्हा खाली पाहिलं. पांढऱ्या पॅडवर काळा रंग आला होता. पारदर्शक थरातून कधी रंग येत नाही. रंग आला याचा अर्थ थर गेला. मशीन उचललं. त्या घडीवर तळहाताएवढा पांढुरका डाग, आणि मधोमध रंगाखालचं राखाडी अस्तर उघडं.

मी पहिल्यांदा काय केलं, हे विचारा. व्हिडिओ पुसून टाकला. डाग नीट बघायच्या आधी.

कारणं सांगता येतील. नातेवाइकांत मी वर्षानुवर्षं ‘बिचारा’ होतो, लग्नकार्यात लोक मला “झालं का कायम?” असं विचारायचे आणि उत्तर ऐकायच्या आधी पुढे जायचे. फक्त मामा सगळ्यांना सांगायचे, “आमचे भाचे प्रोफेसर हायेत.” नवा धंदा, पहिल्याच वर्षी घरच्याच गाडीचं बॉनेट जाळलं, हे विलास साऱ्या पाहुण्यांत सांगेल, अशी भीती होती. पण ही भीती तरी किती मोठी होती? विलास ओरडला असता, दोन दिवस फुगून बसला असता. बस्स. यापेक्षा काहीही होणार नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. मामांच्या डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. विलास गाडीभोवती फिरला आणि बॉनेटपाशी थांबला.

“हे काय रे? हे काय झालं?”

मी खोटं बोललो नाही. निदान सुरुवातीला नाही. मी एक प्रश्न विचारला. आणि तो प्रश्न विचारताना मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं, याच एका गोष्टीला मी बरीच वर्षं धरून बसलोय. मी म्हणालो, “विलास, पूजेचं स्वस्तिक इथंच होतं ना? ते पुसलं कशानं?”

विलासला माहीत नव्हतं. खुर्चीतून मामाच म्हणाले, अगदी सरळ, उपयोगी पडावं म्हणून: “शेंडीनं पुसलं हो. नारळाच्या. फडक्यानं निघंना, मंग शेंडीनं घासलं.”

मी मान हलवली. वर्गात एखाद्या मुलानं चुकीचं उत्तर दिल्यावर हलवायचो तशी. मग वाकून डागावरून बोट फिरवलं आणि शिकवायला लागलो. पारदर्शक थर कसा असतो. तो एकदा खरवडला गेला की आतून कसा कमजोर होतो, वरून दिसत नाही. मशीन नुसतं टेकलं आणि उघडं पडलं. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या गाडीच्या बाबतीत खरं असू शकतं. या गाडीच्या बाबतीत नव्हतं. शेंडीचे ओरखडे अगदी वरवरचे होते, आदल्या दिवशी सकाळीच मी ते काढून टाकले होते. ते निघून गेल्यावर त्या जागेवर मी माझा डाग पाडला, आणि तो मामांच्या नावावर केला.

“आबा!” विलास म्हणाला. “भांडं हाय का ते? काही इच्चारायचं तरी माणसानं!”

“मला काय ठावं बाबा,” मामा म्हणाले. “मी तर हळूच घासलं. जोर न्हाई केला बिलकुल.” आणि मग माझ्याकडे वळून, “तेवढ्यानं जातं का हो भाचे?”

हा प्रश्न अजून ऐकू येतो. त्यात भांडण नव्हतं. त्यांना खरोखर माहिती हवी होती. शिकलेल्या माणसाला विचारत होते.

मी म्हणालो, “जातं मामा.”

दोन शब्द. बाकी सगळा पाल्हाळ सोडून द्या. माझा गुन्हा एवढाच आहे.

आमच्याकडे भाचा मामाच्या पाया पडत नाही, मामा भाच्याच्या पडतो. भाच्याला दुखवू नये, त्याचा शब्द खाली पडू देऊ नये, अशी रीत. मी स्वतःला सुधारक समजणारा. दरवेळी उडी मारून मागे सरायचो, दरवेळी सगळे हसायचे. त्या दिवशी निघताना मामा वाकले आणि म्हणाले, “चुकलं माझं. पोराची नवी गाडी…” मागे गाडी होती. मला सरता आलं नाही. की मी सरलो नाही? त्यांचा हात माझ्या बुटाला लागला, बुटावर पॉलिशचे शिंतोडे होते.

बॉनेट मी रंगवून दिलं. फुकट. विलासनं माझं कौतुक केलं. नणंदेचा मुलगा असावा तर असा, असं मामी म्हणाल्याचं आईनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं. मी “त्यात काय एवढं” म्हणालो.

इथं थांबता आलं असतं, तर हे निव्वळ भित्रेपण ठरलं असतं. मी पुढे गेलो.

दुकानात येणाऱ्यांना एखादी गोष्ट सांगितली की पटतं. मी शेंडीची गोष्ट सांगायला लागलो. नाव घ्यायचो नाही — तेवढी सभ्यता. “घनसावंगी तालुक्यातले एक आजोबा,” असं म्हणायचो. आजोबा श्वास रोखून स्वस्तिक काढतात, मग त्याच नारळाच्या शेंडीनं गाडी घासतात, खाली पत्रा दिसेपर्यंत. हळूहळू मी ती रंगवत नेली. आजोबांच्या तोंडी “कशी म्हशीवानी चमकून राह्यली” हे वाक्यही घातलं, त्यांच्याच आवाजात. लोक पोट धरून हसायचे. बदनापूरचे एक डॉक्टर तर मित्राला घेऊन आले, “सर, ती शेंडीची सांगा,” म्हणून. गोष्ट सांगण्यात मी आधीपासून चांगला होतो. वर्गात कुणी एवढं ऐकलं नव्हतं.

तालुका केवढा असतो? त्यात काळी गाडी दाराशी उभी करून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवणारे आजोबा किती असणार? गोष्ट तीर्थपुरीला पोचली. आठवडी बाजारात कुणीतरी मामांना हाक मारली: “ओ आबा, आमची मोटरसायकल पण घासून द्या ना. शेंडी आणू का घरून?” हे मला विलासनंच हसत हसत सांगितलं. त्याला वाटलं, गोष्ट त्यानं स्वतःच कुठं तरी बोलून गेल्यामुळं पसरली. मी त्याचा तो समज दुरुस्त केला नाही. मामांनी मात्र बाजाराला जाणं कमी केलं.

गाडीला तर त्यांनी हात लावायचाच सोडला. विलासनं जाड कापडाची खोळ आणली. मामी सांगत होत्या: सकाळी उठतात, सवयीनं फडकं घेतात, मग दारातूनच परत येऊन ते खुंटीला अडकवतात. त्यांना मागं बसवलं तर दाराला हात लावत नाहीत. विलास दार उघडेपर्यंत उभे राहतात. दारही बिघडेल, असं वाटतं त्यांना. नातीच्या नव्या सायकलची साखळी उतरली, ती घेऊन आली, तर म्हणाले, “बापाला दे. माझ्या हातानं आता वस्तू खराब होतात.” ज्या माणसानं आयुष्यभर पाण्याच्या मोटरी, औत, कुलपं, रेडिओ स्वतः नीट केले, तो असं म्हणतो. आणि असं म्हणायला पुरावा काय? एका प्रोफेसरांनी सांगितलं होतं.

गेल्या दसऱ्याला मी तीर्थपुरीला गेलो होतो. अंगणात अवजारं धुऊन मांडली होती, विळे, कुदळी, फवारणीचा पंप, विलासचा वजनकाटा. मामा एकेकाला कुंकू लावत होते, झेंडूचं फूल ठेवत होते. शेवटी गाडी. खोळ काढलेली, धुतलेली. मामा तिथवर आले आणि थबकले.

“आबा, चला जल्दी,” विलास म्हणाला. “फक्त नारळ मी फोडतो, शेंडी माझ्यापाशी राहू द्या!”

सगळे हसले. पाहुणे हसले, विलासची बायको तोंडावर पदर धरून हसली. मामाही हसले, आता त्यांना या विनोदावर हसायची सवय झाली आहे. आणि मी हसलो. मी हसलो हे मला इथं लिहायलाच हवं.

मग मामांनी ताट माझ्यापुढं धरलं. “भाचे, तुम्ही लावा. तुमाला कळतं त्यातलं.”

त्या घटकेला सगळे समोर होते. विलास, मामी, पाहुणे, ती गोष्ट ऐकून हसणारे बहुतेक सगळे. एक वाक्य पुरेसं होतं. मामांचं ताट माझ्या हातात येईपर्यंत ते वाक्य बोलून झालं असतं. आणि झालं काय असतं? सणाचा दिवस थोडा कडू झाला असता, आणि एक म्हातारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरचं फडकं काढून दाराबाहेर गेला असता.

मी ताट घेतलं. बॉनेटला कुंकवाचं बोट लावलं, फूल ठेवलं. विलासनं मोबाईलवर फोटो काढला. मामा मागं सरून उभे होते, दोन्ही हात पाठीशी धरून, चुकून कुठं लागू नयेत असे.

मग आम्ही जेवलो. मामींनी पुरणाची पोळी आग्रहानं वाढली, ती मी खाल्ली, आणखी एक मागून घेतली. संध्याकाळी जालन्याला परत आलो, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं.